खोडलेली विहीर

"आई, शेवटचं सांगते. त्या नारिंगी शंकूंच्या आत पाय टाकायचा नाही. ही पाती बोटं कापतात, आणि बोटं कुणाची आहेत ते विचारत नाहीत."

"टाकते कशाला? कुक्कुलं बाळ आहे का मी?" असं म्हणत बाई गुपचूप अर्धं पाऊल मागे सरल्या.

सव्वासहा वाजले होते. इस्पितळामागचं मोठं मैदान दवाने भिजलेलं होतं आणि बाईंचे कापडी बूट केव्हाच ओलेचिंब झाले होते. लेकीने गवतावर गोल चटई अंथरली, तिच्यावर ड्रोन ठेवला आणि त्याचे दुमडलेले चार हात उलगडले. एकेका पात्यावरून बोट फिरवून कुठे चरा, कुठे तडा आहे का ते पाहिलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून बॅटरी काढली. गार बॅटरी हवेत दगा देते, म्हणून ती घरापासून उबेत ठेवली होती. वाऱ्याचा वेग मोजला, पुन्हा एकदा मोजला आणि शेवटी इस्पितळाच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"मागच्या मैदानातून बोलतेय. आता उडवते. वीस मिनिटं, साठ मीटरच्या खाली. हेलिकॉप्टर निघालं तर मला लगेच कळवा, मी त्याच क्षणी उतरवीन."

इस्पितळाच्या गच्चीवर अत्यवस्थ रुग्णांना घेऊन हेलिकॉप्टर उतरत असे, त्यामुळे इथे ड्रोन उडवायचा तर लेखी परवानगी लागे. ते पत्र लेकीच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात लटकत होतं. एवढ्या उस्तवारीत दहा मिनिटं गेली. दुसरं कुणी असतं तर कंटाळून जांभया दिल्या असत्या, पण बाई मन लावून बघत होत्या. इतका काटेकोरपणा पोरीत कुठून आला, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं.

बाईंनी मोजणी कार्यालयात चौतीस वर्षं नकाशे गिरवले. कागदोपत्री त्यांचं पद 'अनुरेखक', पण सगळं कार्यालय त्यांना ब्लेडबाई म्हणे. काचेच्या टेबलाखाली दिवा, काचेवर मूळ नकाशा, त्यावर ट्रेसिंगचं कापड आणि हातात शाईची बारीक पेनं. कुणाच्या हातून चुकीची रेघ पडली की तो कापड घेऊन बाईंकडे यायचा. बाई दाढीच्या ब्लेडने ती रेघ अशी खरवडायच्या आणि जागा नखाच्या पाठीने अशी घासायच्या, की भिंग लावलं तरी तिथे काही होतं याचा पत्ता लागू नये. साहेब म्हणायचे, या बाईंनी ठरवलं तर गावातून नदी काढून टाकतील. बाई लाजायच्या, पण हे वाक्य घरी येऊन सांगायच्यासुद्धा.

मुलगी कॅमेऱ्याच्या धंद्यात पडली आणि तो कॅमेरा पुढे हवेत उडायला लागला, याचं बाईंना कौतुक होतं. पण काम बघायला त्या कधी आल्या नव्हत्या. आज मात्र हट्ट करून आल्या. या मैदानावर इस्पितळाची नवी इमारत उठणार होती, आणि बांधकाम सुरू होण्याआधीची जागा टिपून ठेवायचं काम लेकीला मिळालं होतं. त्यासाठी दिलेला नकाशा तिने काल संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पसरला. बाई पाण्याचे पेले मांडायला आल्या आणि पेले हातातच राहिले. नकाशा नवा छापलेला होता, पण रेघा जुन्या होत्या. त्यातला चारचा आकडा आपल्या हातचा होता, पोटाला किंचित फुगीर. कुंपणाच्या रेघेवरच्या फुल्या आपल्या होत्या. आणि मैदानाच्या वरच्या कोपऱ्यापासून चार बोटांवर कोरी, गुळगुळीत, स्वच्छ जागा होती. तीही आपलीच होती.

"इथे काय होणार आहे?" बाईंनी जमेल तितक्या सहज विचारलं होतं.

"तिथे? परवा सकाळी आठला पायलिंगचं मशीन येऊन उभं राहील. जमिनीत खांब घालायचं. चाळीस टनांचं धूड आहे."

रात्रभर बाईंचा डोळ्याला डोळा लागला नाही. त्या कोऱ्या जागेत बहुधा एक विहीर होती आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली होती.

"उडवते हं," लेक म्हणाली.

पात्यांनी सूर धरला, गवतावरचं दव गोलाकार उडालं आणि ते यंत्र चटईवरून असं उठलं जसं कुणी अलगद उचलून घ्यावं. डोक्याएवढं वर जाऊन थांबलं. लेकीने त्याला थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे नेऊन पाहिलं आणि मग सोडलं. बघता बघता त्याचा ठिपका झाला. लेकीची नजर ठिपक्यावर होती. पडद्यावर ती मधूनच बघायची, बसमधली बाई कडेवरच्या मुलाकडे बघते तशी.

"तू बघ पडद्यात. मला वरच लक्ष ठेवावं लागतं."

बाईंनी चष्मा सारखा केला, पडद्यावर वाकल्या आणि बघतच राहिल्या.

खाली त्यांचा नकाशा होता. हुबेहूब. दवाखान्याच्या गल्लीचं वाकडं कोपर, जे गिरवताना दर वेळी पेन अडायचं, ते तिथेच वाकडं होतं. पाण्याच्या टाकीचं वर्तुळ, शाळेचा इंग्रजी एल, जुन्या गिरणीची करवतीसारखी छपरं, सगळं जिथल्या तिथे. चौतीस वर्षं ज्या गावाकडे त्यांनी वरून पाहिलं, ते वरून खरंच असं दिसतं हे बाईंना आजवर कुणी दाखवलंच नव्हतं. त्या जिना चढून कधी चौथ्या मजल्याच्या वर गेल्या नव्हत्या. कुणीतरी साखळ्या ओढून जमिनीवर मोजलं, कुणीतरी आकडे लिहिले, त्यांनी रेघा मारल्या आणि त्या रेघा खऱ्या निघाल्या. बाईंना रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं.

"अगं, बरोबर आहे गं सगळं!"

"काय बरोबर आहे?"

"गाव!"

आणि शिवाय जे त्यांनी कधी काढलंच नव्हतं तेही होतं. धोबीखान्याच्या गच्चीवर एक बाई पांढऱ्या चादरी वाळत घालत होती. चादर झटकली की तिची सावली आधी हलायची. एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध बसून खाजवत होतं. सायकलवाला वळणावर आला आणि त्याची लांबलचक सावली त्याच्या आधी वळली. झाडं वरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दिसत होती. नकाशात माणसं काढायची नसतात, सावल्याही नाहीत. आपण काढलेल्या रेघांमधून इतकी माणसं रोज जातायेतात, हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एकाएकी पडदा फिरला आणि गाव बाजूला गेलं.

"का वळवलंस?"

"वॉर्डाच्या खिडक्या येत होत्या. आजारी माणसं निजलीत आत. आपण बघायचं नाही."

"एवढ्या लांबून काय दिसतंय?"

"मला दिसतं ना," लेक म्हणाली. "म्हणूनच मान वळवायची."

मग बाईंनी हळूच विचारलं, "आणि हे मैदान? याच्या पोटात काही असलं तर दिसतं का गं?"

"कधीकधी. गवत चुगली करतं. खाली दगड असला तर वर माती कमी, मग तिथलं गवत बुटकं राहतं, पिवळं पडतं. पण दुपारी काही कळत नाही, सावल्याच नसतात. ऊन असं जमिनीला घासून, आडवं यायला हवं, आणि दव हवं. तेवढी दहा मिनिटं असतात बघ, त्यात जमीन बोलते. आता येईलच ऊन खाली."

येतच होतं. सूर्य पूर्वेच्या बैठ्या घरांच्या वर सरकला. टाकीवर आणि गिरणीच्या छपरांवर केव्हाच पोचलेला उजेड आता कुंपणावरून उतरून मैदानाच्या कडेला आला. लेकीने कॅमेरा सरळ खाली रोखला. उजेड गवतावरून पुढे सरकायला लागला आणि कधी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. जुनी पायवाट दिसली, कधीकाळच्या गाडीच्या चाकोऱ्या दिसल्या, मुलांनी कधीतरी आखलेल्या खेळाच्या पट्टीची पुसट रेघ दिसली. बाई श्वास धरून बघत होत्या. पडद्यावर उजेडाची कड वरच्या कोपऱ्यापासून आता बोटभर अंतरावर आली होती.

आणि फोन वाजला.

"हो. किती मिनिटं? बरं," एवढंच बोलून लेकीने यंत्र खाली ओढायला घेतलं.

"काय झालं?"

"हेलिकॉप्टर येतंय. सहा मिनिटांत."

"सहा आहेत ना? मग एक मिनिट थांब. एकच. एवढा कोपरा बघू दे."

"नाही."

"अगं, एक मिनिटाने काय होतंय?"

"आई, त्यात माणसं आहेत," लेक म्हणाली. तिचे डोळे वरच होते आणि हात क्षणभरही थांबले नाहीत. दीड मिनिटात ड्रोन चटईवर होता आणि पाती थांबली होती. मग टाक टाक करत हेलिकॉप्टर आलं, गच्चीवर बसलं. पांढऱ्या कपड्यातली माणसं वाकून धावली. ते पुन्हा उडेपर्यंत अर्धा तास गेला. तोवर ऊन चांगलं वर आलं होतं, दव उडालं होतं आणि मैदान पुन्हा नुसतं मैदान झालं होतं.

"राहिलेले फोटो उद्या," लेक पेटी भरता भरता म्हणाली. "पण तुला त्या कोपऱ्याचं एवढं काय पडलंय?"

बाई पेटीवरच बसल्या आणि एकदाचं सांगून मोकळ्या झाल्या.

एकतीस वर्षांपूर्वी या भागाचं कापड दुरुस्तीला त्यांच्याकडे आलं होतं. मैदानात करंगळीच्या नखाएवढं एक शाईचं वर्तुळ होतं. शेजारी काही लिहिलेलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा अनुरेखक पेनाचं टोपण शाईच्या बाजूने कापडावर उपडं ठेवायचा आणि त्याची अशीच गोल खूण उठायची. दिवसाकाठी तसली दोन-तीन टोपणं बाई खरवडत. हेही खरवडलं. महिन्याभराने तो भाग मोजलेला मोजणीदार बदलीच्या गावी निघाला. जाताना दारातून म्हणाला, बाई, मैदानातली ती विहीर घेतलीत ना, वरून फरशा टाकून बुजवलीय म्हणून नुसतं वर्तुळच काढलं होतं मी.

"आणि मी म्हटलं, हो साहेब, घेतली," बाई म्हणाल्या. "तोंडातून निघून गेलं गं. वाटलं, नंतर काढीन. पण तोवर कापडाच्या प्रती वरच्या कचेरीत गेल्या होत्या. चूक कबूल करायची तर ब्लेडबाईने करायची? सगळे हसले असते. मग मीच मला सांगायला लागले, की ते टोपणच होतं. गेल्याच वर्षी त्या कचेरीतले जुने कागदही गेले रद्दीत. आता कुणाकडे काही नाही."

लेकीने गवतावरची चटई गुंडाळली. मग म्हणाली, "कधी झालं हे?"

"तू चौथीत होतीस."

"चौथीत." लेकीने मान हलवली. "चौथीतच तू माझ्या पेटीतला खोडरबर काढून घेतलास. चुकलं तर आडवी रेघ मार आणि पुढे लिही, पण खोडायचं नाही म्हणालीस. आख्ख्या वर्गात माझीच वही गिचमिड असायची. मी किती रडले होते, आठवतं?"

"आठवतं."

"मी लोकांना सांगते, माझ्या आईच्या नकाशात चूक सापडायची नाही म्हणून."

बाई पेटीवरून उठल्या.

दहा वाजता त्या दोघी बांधकामाच्या पत्र्याच्या खोलीत इंजिनिअरसमोर बसल्या. सगळं सांगायचं असं वाटेत ठरलं होतं, पण त्या तरुण, घाईतल्या माणसाला बघितल्यावर बाईंची जीभ अर्ध्यावरच अडली. "मी मोजणीत होते. या मैदानात बुजवलेली एक विहीर होती, मला आठवतं," एवढंच त्या म्हणाल्या. लेकीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

इंजिनिअर वाईट माणूस नव्हता. त्याने मातीच्या तपासणीचे कागद काढून दाखवले. चार ठिकाणी खोल भोकं पाडून पाहिलं होतं, माती उत्तम होती. मग नकाशा पुढे सरकवला. "काकू, कुठे ते दाखवा."

बाईंनी बोट ठेवलं. पण मधल्या काळात रस्ता रुंद होऊन कुंपण आत आलं होतं आणि नकाशा दोनदा मोठा करून छापला होता. त्यांची चार बोटं आता नक्की कुठून मोजायची ते त्यांनाच कळेना. बोट सरकत राहिलं.

"मशीन सहाच दिवस मिळालंय, उद्या आठला हजर होईल," इंजिनिअर म्हणाला. "नक्की जागा दाखवा, पहिली कुदळ मी स्वतः मारतो. पण आख्खं मैदान उकरायला सांगू नका हो."

"उद्या साडेसहाला तुम्ही मैदानात या," लेक म्हणाली. "जागा दिसली तर तेव्हाच दिसेल."

दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र होतं आणि वारा पडलेला होता. पुन्हा चटई, पुन्हा पात्यांवरून बोट, पुन्हा फोन. इंजिनिअरही वेळेवर आला. सगळं जमून आलं आणि लेक अडून बसली.

"नाही उडवत. ती बघ."

कुंपणाला रात्रीतून एक भगदाड पडलं होतं. रात्रपाळी संपलेल्या नर्सा त्यातून शिरून मैदान तिरपं ओलांडत बसथांब्याकडे जात होत्या. एक गेली की दुसरी येत होती.

"त्या जातायत त्यांच्या वाटेने. तुम्ही उडवा की वरून," इंजिनिअर घड्याळ बघत म्हणाला.

"लोकांच्या डोक्यावरून नाही उडवत मी. एक पातं निसटलं तर? विहीर असो नाहीतर खजिना असो."

बाई चालू लागल्या. दवात पाय सरकत होते, पण त्या भगदाडापाशी पोचल्या आणि दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"पोरींनो, दहा मिनिटं रस्त्याने जा गं."

"का हो मावशी? काय झालं?"

"वर माझी मुलगी आहे. म्हणजे तिचं यंत्र. पडणार नाही ते, पण ती मोठी भित्री आहे."

दमलेल्या पोरी हसल्या आणि रस्त्याने वळल्या. पाठीमागे पात्यांचा सूर लागला. बाईंना वळून बघायचं होतं, पण समोरून आणखी दोघीजणी येत होत्या. त्यांना थांबवलं. मग एक म्हातारा वॉर्डबॉय आला, तो कानाने अधू होता, त्याला खुणेने सांगावं लागलं. ऊन बाईंच्या पाठीवर आलं. आता ते गवतावर उतरलं असेल, आता कोपऱ्याकडे सरकत असेल, हे त्यांना पाठीवरच्या उबेने कळत होतं.

"आई!"

त्या हलल्या नाहीत. तीन नर्सा समोर उभ्या होत्या.

"आई, ये!"

मग इंजिनिअरच धावत आला. काल घाईत असलेला तो माणूस धापा टाकत म्हणाला, "काकू, तुम्ही जा, मी थांबतो इथे. जा, जा."

बाई पडद्यावर वाकल्या.

हिरव्या चमचमत्या गवतात एक वर्तुळ होतं. कुणी कंपास ठेवून काढावं इतकं गोल. कड पिवळसर, बुटकी, कारण खाली विहिरीचा दगडी काठ होता. आत गवत गर्द हिरवं, जरासं खचलेलं, आणि त्या खोलगट जागेत कडेची निळसर सावली पडली होती. मैदानावर उभं राहून पाहिलं तर तिथे नुसतं गवत होतं. बाईंनी दोनदा मान वर करून पाहिलं, आणि दोनदा पुन्हा पडद्यात.

इतक्या वर्षांची भीती त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे. त्यांना फक्त नवल वाटत होतं. त्यांनी कापडावरून जे भिंगाला सापडणार नाही इतकं साफ काढून टाकलं होतं, ते जमिनीने एकतीस वर्षं जसंच्या तसं धरून ठेवलं होतं. दरवर्षी गवत वाढलं, दरवर्षी वाळलं, आणि रोज सकाळी दहा मिनिटं हे वर्तुळ आकाशाकडे तोंड करून इथे उमटत असणार. बघायला वर कुणी नव्हतं, एवढंच.

"केवढं गोल आहे गं," बाई कुजबुजल्या.

लेकीने फोटो घेतले. उंची बदलून, कोन बदलून, शेवटी अगदी सरळ वरून. प्रत्येक फोटोबरोबर जागेचे आकडे नोंदले जात होते. ड्रोन उतरल्यावर तिने ती पेटी मिटली आणि आईच्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "आई, आता बाकीचं नाही सांगितलंस तरी चालेल. तुला आठवलं, ड्रोनला दिसलं. एवढं पुरे आहे."

बाईंनी तिच्या गालावर हात ठेवला.

इंजिनिअरने शब्द पाळला, पहिली कुदळ त्याने मारली. फूटभर खाली काठाचा दगड लागला. मग तिघा कामगारांनी काठाबाहेर उभं राहून मधली माती लांब दांड्याच्या फावड्यांनी ओढून काढली. फरशा होत्या. एक फरशी मधोमध तडकलेली होती आणि तिचा तुकडा आत वाकला होता. फटीतून गार हवा वर आली आणि वाकून बघणाऱ्यांच्या तोंडाला लागली. इंजिनिअरने एक खडा घेऊन फटीत सोडला.

सगळे कान देऊन उभे राहिले. काहीच ऐकू आलं नाही. एका कामगाराने इंजिनिअरकडे बघितलं. मग फार खालून, दुसऱ्याच कुठल्या तरी जगातून यावा तसा, पाण्याचा आवाज आला.

एकाने डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं.

आठ वाजता मशीन आलं. लांबलचक ट्रेलर फाटकाबाहेर थांबला आणि त्याच्या मागोमाग मोटारसायकलवरून ऑपरेटर आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, सावकाश चालणारा माणूस. दोरी बांधलेल्या जागेपाशी येऊन त्याने आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मी कुठे उभा राहणार होतो?" त्याने विचारलं.

इंजिनिअरने पहिल्या खांबाच्या जागी ठोकलेली खुंटी दाखवली. ऑपरेटर खुंटीपाशी गेला आणि तिथून दोरीपर्यंत पावलं मोजत आला. तीन झाली. मशीनचे लोखंडी पट्टे चाकांसारखे कुठवर पसरतात ते त्याच्या डोक्यात असणार, कारण त्याने चौथं पाऊल उचललं आणि तसंच मागे घेतलं.

"कुणाला कळलं हे?"

"या काकूंना आठवत होतं," इंजिनिअर म्हणाला. "मोजणीत होत्या. त्यांच्याच मुलीने वरून शोधून काढली."

ऑपरेटर बाईंपुढे आला. त्याने हात जोडले.

"मावशी, तुमच्या आठवणीने वाचलो बघा."

बाईंना हात वर करून बरं बरं म्हणता आलं असतं. लेक त्यांच्याकडे बघत होती.

"नुसती आठवण नव्हती," बाई म्हणाल्या. "नकाशात ही विहीर होती. मी खोडली. चुकून खोडली, पण नंतर कळलं तेव्हाही बोलले नाही. एकतीस वर्षं झाली."

इंजिनिअर दचकून त्यांच्याकडे बघायला लागला. "काकू, हे तुम्हाला लेखी द्यावं लागेल."

"देते. कागद आणा."

ऑपरेटरचे जोडलेले हात केव्हा खाली आले ते त्यालाही कळलं नसावं. तो चिडेल असं बाईंना वाटलं, आणि चिडावं असंही वाटलं. तो चिडला नाही. त्याने पुन्हा एकदा फटीकडे बघितलं आणि विचारलं, "खोल किती आहे?"

"ते नव्हतं लिहिलं," बाई म्हणाल्या. "नकाशात खोली नसते."

त्याने मान हलवली. मग तो फाटकाकडे चालत गेला, ट्रेलरच्या पायरीवर बसला आणि खिशातून फोन काढला. वारा नव्हता. त्याचं बोलणं मैदानभर स्पष्ट ऐकू येत होतं.

"काही नाही गं. सहज केला," तो म्हणाला. "हो, पोचलो. तू काय करतेयस? नाही, काम सुरू नाही झालं अजून. सहजच केला म्हटलं ना. बोल तू, काहीही बोल."

इंजिनिअर कागद आणि पेन घेऊन आला. लेकीने ते त्याच्या हातातून घेतलं आणि आईच्या शेजारी उभी राहिली. ऑपरेटरचं बोलणं संपेपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत.